दुकानाच्या नावाचं करंट खातं नि स्वतःचं सेव्हिंग : खाती दोन, माणूस एकच

परवा मामेभाऊ भेटला, सोलापुरात सात रस्त्याला चहा घेत होतो, तर म्हणाला, दादा फर्म काढली, करंट खातं पण उघडलं, आता फर्मचं देणं फर्मकडं नि आपलं घर आपल्याकडं. म्हटलं थांब जरा. पोरगा टॉवेल-नॅपकिन विकतो, माल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतनं उचलतो, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेतो, धंदा बराय, पण हा जो गैरसमज आहे ना तो नव्या पेठेत निम्म्या गाळ्यांत सापडेल.

एकट्याच्या मालकीची फर्म, म्हणजे प्रोप्रायटरशिप, ही कायद्यानं वेगळी कुणी नसतेच. पाटीवर नाव काहीही लावा, पॅन तुमचाच, रिटर्न एकच, फर्मचं देणं थकलं तर सूतवाला तुमच्याच दारात येणार. फर्मचा वेगळा पॅन काढून देतो म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजा नि वाटेला लावा. करंट खात्यावरचं कर्ज थकलं तर बँक त्याच बँकेतल्या तुमच्या सेव्हिंगलाही हात घालू शकते, कारण तिच्या लेखी माणूस एकच. खाती वेगळी ठेवायची ती हिशोबासाठी, त्यानं घर वाचत नाही.

मग करंट खातं उघडायचंच कशाला? तर सेव्हिंग खातं धंद्याच्या नावानं उघडताच येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तसा, मग धंदा एकट्याचा असो का भागीदारीतला. हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीला सगळं सेव्हिंगवरच चालवायचो, पंढरपूरच्या एका लॉजवाल्यानं नॅपकिनचा चेक फर्मच्या नावानं दिला, भरायला गेलो तर काउंटरवरनं परत, आणि त्याच्याकडं दुसरा चेक मागताना जी काही लाज वाटली ती वेगळीच. क्यूआरचंही तेच, सेव्हिंगला जोडलेल्या साध्या यूपीआयवर रुपे क्रेडिट कार्डानं पैसे येत नाहीत, त्याला दुकानदाराचा क्यूआर लागतो.

बदल्यात करंटवर व्याज शून्य. वर किमान शिल्लक, ती बँकेगणिक वेगळी, नि कॅश भरायची फुकट मर्यादा संपली की चार्ज. उघडताना मॅनेजर गोड बोलतो, चार्जचा कागद कुणी वाचत नाही, मीही नव्हता वाचला, सहा महिन्यांनी खातं मायनसमध्ये. तेव्हा चार्जची यादी आधी मागून घ्या. धंद्यासाठी ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक संपल्यावरही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढायची सोय, मात्र सहसा करंटवरच मिळते.

करंटमधनं घरखर्चाला सेव्हिंगवर पैसे टाकले की लोक त्याला पगार म्हणतात. तो पगार नाही, ती उचल. स्वतःच स्वतःला कुठला पगार, त्यामुळं ती खर्चात धरता येत नाही, आणि टॅक्स नफ्यावर लागतो, उचलीवर वेगळा नाही.

आता कागदं. सेव्हिंगला आधार-पॅन दिलं की काम झालं. करंटला ते तर हवंच, वर फर्म खरंच चालू आहे याचे दोन पुरावे. यादीत उद्यम म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, शॉप ॲक्ट म्हणजे दुकान कायद्याचा कागद, जीएसटी, आयात-निर्यातीचा कोड, लाइट बिल असं बरंच बसतं, आणि दोन जमतच नाहीत अशी बँकेची खात्री पटली तर जागेवर चौकशी करून एकावरही उघडू शकते, पण ते बँकेच्या हातात. भावानं उद्यम नि शॉप ॲक्ट दिलं. उद्यम फुकट आहे, सरकारी साइटवर आधारनं निघतं, पैसे मागणारी साइट दिसली की ती दुसऱ्याच कुणाची समजा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांनाही ते २०२१ पासून मिळतं. शॉप ॲक्टमध्ये २०१७ च्या कायद्यापासून लहान दुकानाला लायसन नसतं, सूचना दिल्याची पावती मिळते, ती बघून काउंटरवरचा नवा पोरगा लायसन कुठाय विचारतो, तेव्हा डोकं शांत ठेवायचं. लाइट बिल वडिलांच्या नावचं होतं, ते फर्मचा पुरावा म्हणून काय चालणार. आणि नावाचं स्पेलिंग! एकीकडं टेक्स्टाईल्सला शेवटी एस, दुसरीकडं नाही, एवढ्यावरनं फाईल आठ दिवस पडून.

भावाला शेवटी विचारलं, दोन्ही खाती एकाच बँकेत का? हो म्हणाला, दोन्हींत मिळून सातेक लाख. बँक बुडाली तर ठेव विम्याचे पाच लाख मिळतात, व्याज धरून, पण प्रोप्रायटरच्या फर्मचं खातं नि त्याचं स्वतःचं खातं एकत्र मोजतात, दोन्हींना वेगवेगळे पाच नाही. हे ऐकून गडी जरा गप्प झाला.

मग नॉमिनीचा विषय निघाला. करंटला नॉमिनी कुठं असतो म्हणाला. कंपनीच्या खात्याला नसतो, एकट्याच्या फर्मला लावता येतो. मालक गेला की त्या करंटवर, जिथं जन्मात व्याज मिळालं नाही तिथं, मृत्यूच्या तारखेपासून पैसे देईपर्यंत सेव्हिंगच्या दरानं व्याज लागतं. म्हणजे व्याज खायला मरावं लागतंय होय, म्हणत त्यानं चहाचा कप ठेवला नि बायकोला फोन लावला, आधार कार्डाचा फोटो पाठव म्हणून.