माळवदाच्या घरातील स्वयंपाकघर नव्याने करताना

जुन्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायचे ठरले, की बहुतेक घरांत पहिली चर्चा ग्रॅनाइटच्या रंगाची होते. आमची विनंती अशी, की ती सर्वांत शेवटी करावी. लातूर, धाराशिव, बीड या भागांतील माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, दगड-मातीच्या घरांत ओटा कोठे बसेल आणि किती टिकेल, हे भिंत आणि पाणी ठरवतात.

अशा घराची भिंत बाहेरून भक्कम दिसत असली, तरी ती बहुधा दोन पदरी असते: आतला व बाहेरचा दगडी पदर वेगळा रचलेला आणि मध्ये माती व दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे दगड नसतील, तर धक्क्याने ते एकमेकांपासून सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने कोसळलेल्या असंख्य घरांत हेच घडले आणि माळवदाच्या मातीचा सारा भार खाली आला. म्हणून मधली भिंत काढून स्वयंपाकघर मोठे करण्याचा कितीही आग्रह झाला, तरी तुळया कोणत्या भिंतींवर टेकल्या आहेत हे पाहिल्याशिवाय आणि अभियंत्याचा लेखी अभिप्राय हाती आल्याशिवाय आम्ही भिंतीला पहार लावत नाही. टाइल्ससाठी गिलावा काढण्यापूर्वी आमचे गवंडी हातोडीने भिंत ठोकून पाहतात. जिथे आवाज पोकळ येतो किंवा भिंतीला पोट आलेले दिसते, तिथे आधी दुरुस्ती होते, मग ओटा. जुन्या देवळ्या व कोनाडे मात्र शक्यतो बुजवू नयेत. भिंतीच्या जाडीतच मसाल्याच्या डब्यांची सोय होत असताना तिच्यावर नवे कपाट टांगण्यात काय हशील?

ओट्यामागे हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटून पांढरी पूड झडत असेल, तर भिंतीला लोणा लागला आहे असे समजावे. जमिनीतील ओल वर चढते, तिच्याबरोबर क्षार येतात आणि पाणी उडून गेले की ते पृष्ठभागावर साचतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते आणि वरच्या अंगाला फुटते. चुन्याचा गिलावा ती बाहेर पडू देतो. यासाठी टाइल्स ओट्याच्या वर दोन फुटांपर्यंतच घ्याव्यात आणि उर्वरित भिंत चुन्याची ठेवावी, असे आम्ही सुचवतो. लोणा झाकणारे रंग बाजारात मिळतात. आम्ही ते लावत नाही.

अनेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने साठवणीची जागा आराखड्यातच धरावी लागते. टाकी माळवदावर ठेवू नये: पाचशे लिटरची टाकी भरली, की केवळ पाण्याचेच वजन पाचशे किलो होते. ती अंगणात स्वतंत्र चौथऱ्यावर घ्यावी. बोअरचे पाणी जड असेल, तर सिंकवर पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा काढावा. नळाभोवती साचणारे पांढरे डाग काढण्यासाठी कडप्प्यावर किंवा शहाबादी फरशीवर ॲसिड ओतू नये. दोन्ही चुनखडीचे दगड असल्याने ॲसिड त्यांना खाते. सांडपाण्याच्या पाइपला चार फुटांमागे सुमारे एक इंच उतार हवा. जुन्या मोरीतच तो सोडायचा असल्यास तिथे नहाणी ट्रॅप बसवून घ्यावा, म्हणजे दुर्गंधी व झुरळे वर येत नाहीत.

ओट्याची उंची घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली ठेवावी. पोळ्या लाटताना खांदा उचलावा लागला, तर ओटा उंच झाला. गॅस हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवीच. ओट्याखालच्या कपाटांसाठी आयएस ७१० या मानकाचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लायवूड वापरावा, आणि तुळयांना वाळवी असल्यास तिचा बंदोबस्त आधी करून घ्यावा. विजेची जुनी वायर बदलून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय इंडक्शन किंवा गीझर जोडू नये.

गिलावा उकलल्यावर आत काय निघेल, हे आधी नेमके सांगता येत नाही. त्यामुळे आमच्या अंदाजपत्रकात भिंतीची दुरुस्ती हा स्वतंत्र रकाना असतो आणि त्यातील खर्च वाढणार असल्यास आपली लेखी संमती घेऊनच पुढचे काम होते. चुन्याचा गिलावा सावकाश वाळतो, म्हणून दिवाळीनंतर काम सुरू करणे सोयीचे. तेवढ्या काळापुरती गॅसची व्यवस्था ओसरीत किंवा परसात करून ठेवावी.