लिफ्ट किट बसवल्यानंतर स्टिअरिंग थरथरत असल्यास

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लिफ्ट किट लावून सस्पेन्शनची उंची वाढवून घेतल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले, ही आमच्याकडे नेहमी येणारी तक्रार आहे, आणि तिच्यासोबत बहुधा जाडजूड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हिसके शोषणारा, शॉक ॲब्सॉर्बरसारखा भाग) बसवून देण्याची मागणीही येते. ती मागणी आम्ही लगेच मान्य करत नाही, याचे कारण ग्राहकांना ठाऊक असावे. डॅम्पर थरथर दाबून ठेवतो, परंतु ज्या ढिल्या सांध्यामुळे किंवा बिघडलेल्या कोनामुळे ती सुरू झाली तो दोष तसाच राहतो, वाढत जातो आणि काही काळाने नव्या डॅम्परलाही जुमानत नाही. म्हणून आधी निदान करणे आवश्यक आहे. त्याचा बराच भाग कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय होऊ शकतो.

थरथर नेमकी केव्हा होते?

हे सांगता आले तर निम्मे काम झाले असे समजावे. साधारणपणे ताशी 80 ते 100 किलोमीटरच्या टप्प्यात स्टिअरिंग बारीक थरथरत असेल आणि वेग कमी-जास्त करताच ते शांत होत असेल, तर संशय प्रथम चाकांवर घ्यावा. केवळ ब्रेक दाबल्यावर थरथर जाणवत असेल, तर ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात. लिफ्टचा त्यात सहसा दोष नसतो. खड्डा लागताच स्टिअरिंग आपोआप एका बाजूला वळत असेल आणि लगेच पूर्ववत होत असेल, तर ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला चेसिसशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, आडवा जोडणारा दांडा) यांच्या कोनांत तफावत पडलेली असते.

चौथा प्रकार याहून वेगळा आणि धोकादायक आहे. पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) असलेली गाडी खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून जाते आणि क्षणात संपूर्ण ॲक्सल डावी-उजवीकडे इतक्या जोराने हिसके देऊ लागतो की स्टिअरिंग हातात धरवत नाही. वेग बराच उतरेपर्यंत ते थांबत नाही. यालाच डेथ वॉबल म्हणतात. अशा वेळी करकचून ब्रेक दाबू नये आणि हिसक्यांच्या उलट दिशेने स्टिअरिंग फिरवण्याचाही प्रयत्न करू नये. स्टिअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडावा, वेग बेताबेताने उतरू द्यावा आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. त्यानंतर तपासणी झाल्याशिवाय ती वेगाने चालवू नये, कारण अशा एका झटक्यातही पॅनहार्ड रॉडच्या बोल्टचे छिद्र लांबट होऊ शकते आणि पुढचा झटका अधिक सहज येतो.

चाकांपासून सुरुवात

लिफ्टबरोबर बहुतेक जण मोठे आणि जड टायर बसवतात, त्यामुळे पूर्वी खपून जाणारा असमतोल आता जाणवू लागतो. बॅलन्सिंग पुन्हा करून घ्यावे, पण त्याआधी रिमच्या आतील बाजूस वाळलेला चिखल नाही ना, हे पाहावे. चिखलातून परतलेल्या गाडीत एवढ्यावरच तक्रार मिटते, असे अनेकदा घडते. हवेचा दाब दोन्ही बाजूंना सारखा असावा. पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहावीत: थरथर स्टिअरिंगमधून जाऊन आसनाखाली जाणवू लागली, तर दोष टायर किंवा रिममध्येच आहे. बाहेर जास्त काढलेल्या रिम आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवण्यासाठी हब आणि रिमच्या मध्ये घातलेली चकती) यांमुळे प्रत्येक सांध्यावर येणारा जोर वाढतो, हेही लक्षात असू द्यावे.

सांध्यांमधील प्ले (ढिलेपणा)

ही तपासणी सर्वांत उपयोगी आहे आणि तीच सर्वाधिक वेळा चुकीच्या पद्धतीने केली जाते. गाडी जॅकवर न घेता चारही चाकांवर सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे आणि एका व्यक्तीने स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे. दुसऱ्या व्यक्तीने त्या वेळी स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंतचा एकेक सांधा पाहावा आणि त्यावर बोटे ठेवून, ती चिमटणार नाहीत अशा बेताने, अंदाज घ्यावा. पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोके सर्वप्रथम पाहावीत. ब्रॅकेटमध्ये बोल्ट किंचित जरी सरकत असेल, तर तो केवळ आवळून भागत नाही. लांबट झालेले छिद्र दुरुस्त करावे लागते. त्यानंतर टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकचे सांधे, आर्मचे (ॲक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे रबरी आधार, आणि स्टिअरिंग बॉक्स चेसिसला धरून ठेवणारे बोल्ट तपासावेत. बॉक्सजवळ चेसिसला तडा गेलेला असू शकतो, म्हणून तेथील मळ पुसूनच पाहावे.

बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंग यांसाठी मात्र चाक उचलावे लागते. ॲक्सलखाली भक्कम स्टँड लावून चाक वर-खाली धरून हलवावे, तसेच टायरखाली पहार घालून उचलून पाहावे. खालच्या बॉल जॉइंटमधील प्ले पहारीनेच अधिक स्पष्ट कळतो.

कोन बदलल्याचे परिणाम

सायकलच्या पुढच्या फोर्कला दिलेल्या तिरकेपणामुळे ती हात सोडल्यावरही सरळ चालते. गाडीच्या पुढच्या चाकांना तसाच जो तिरकेपणा दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. गाडीची उंची वाढली की आर्म खाली झुकतात, ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर घटतो. ॲक्सलला घट्ट जोडलेला आर्म, म्हणजे रेडियस आर्म, 900 मिलिमीटर लांबीचा आणि लिफ्ट 50 मिलिमीटरची धरली, तर हा फरक सुमारे 3 अंशांचा होतो, आणि काही गाड्यांत मुळात तेवढाच कॅस्टर असतो. अशी गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर येत नाही. ॲडजस्टेबल आर्म किंवा कॅस्टर बुश हा त्यावरचा उपाय आहे. मात्र ॲक्सल जास्त फिरवल्यास पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची शक्ती ॲक्सलकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन बिघडतो आणि तळाशी नवीच थरथर सुरू होते. पुढे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाडीत हाच कोन पाचर घालून साधता येतो.

पॅनहार्ड रॉडची लांबी कायम असल्यामुळे उंची वाढली की तो ॲक्सलला चेसिसकडील टोकाच्या बाजूस ओढतो. 850 मिलिमीटर लांबीच्या रॉडचा मूळ उतार (दोन टोकांच्या उंचीतील फरक) 100 मिलिमीटर असेल, तर 75 मिलिमीटरच्या लिफ्टने ॲक्सल सुमारे 12 मिलिमीटर सरकतो. ॲडजस्टेबल रॉडने तो मध्यावर आणता येतो. ड्रॅग लिंक आणि हा रॉड समोरून पाहता समांतर दिसले पाहिजेत. पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सला ड्रॅग लिंक जोडणारा तुकडा) बदलून ड्रॅग लिंक खाली आणली आणि रॉड जागच्या जागी ठेवला, तर खड्ड्यावर स्टिअरिंग वळणारच. आम्ही अशा वेळी एकट्या पिटमन आर्मची शिफारस करत नाही.

पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होणारे) असलेल्या गाड्यांना पॅनहार्ड रॉड नसतो. त्यांत प्रथम चाके आणि नंतर टाय रॉड, वरचे आर्म व व्हील बेअरिंग पाहावे. उंची बदलल्यावर कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे) बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट प्रत्येक गाडीत अनिवार्य आहे.

बुशचे बोल्ट गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटते. पहिल्या 500 किलोमीटरनंतर आणि प्रत्येक खडतर प्रवासानंतर सर्व बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. पाटे असल्यास ते ॲक्सलला बांधणारे यू-बोल्टही त्यात धरावेत. गाडी आमच्याकडे आणताना थरथर सुरू होणारा वेग, रस्त्याची स्थिती, टायरचा आकार व दाब आणि लिफ्टनंतर बदललेले सुटे भाग लिहून आणावेत, तसेच अलाइनमेंटचा छापील कागद असल्यास तोही सोबत ठेवावा.