तळं आटतं, दूधही आटतं: बाष्पीभवन आणि उत्कलन

उन्हाळ्यात तळं आटतं आणि चुलीवर दूधही आटतं. मराठीला दोन्हींसाठी एकच क्रियापद पुरतं. विज्ञानाच्या तासाला दरवर्षी होणाऱ्या गोंधळाचं मूळ मला या शब्दातच दिसतं. पाण्याची वाफ कधी होते, असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ‘१०० अंशांना’ म्हणतो. मग मी विचारते, सकाळी दोरीवर घातलेला गणवेश दुपारी सुकला, तो काय १०० अंशांना तापला होता? वर्ग गप्प होतो, आणि खरा धडा तिथून सुरू होतो.

गोव्यातल्या आमच्या पेडण्यातली जुलैची एखादी सकाळ घ्या. चुलीवर पेजेचं आधण नेहमीसारखंच खळखळतंय, पण पडवीतल्या दोरीवरचे कपडे तीन दिवस झाले तरी दमटच आहेत. घर तेच, हवा तीच. मग या हवेने कपड्यांनाच का अडवलं, पेजेला का नाही?

कपड्यांचं आधी बघू. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगाने धावत नसतात. पृष्ठभागाजवळचा एखादा जोरात धावणारा रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतो. हे बाष्पीभवन. त्याला ठरावीक तापमान लागत नाही, कारण गार पाण्यातही असे चपळ रेणू असतातच. मात्र हवेतले रेणू परत पाण्यातही येत असतात. जुलैत आपल्याकडे हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते, त्यामुळे जेवढे रेणू जातात जवळपास तेवढेच परततात. कपडे सुकायचे कसे? नागपूरला उन्हाळ्यात कूलर छान चालतो आणि गोव्यात तो नुसता ओल वाढवतो, त्याचंही कारण हेच.

आता पेजेचं पातेलं. मोठ्या माणसाला सोबत घेऊन, जरा लांबूनच, एकदा नीट बघा. आधी कडेला मोहरीएवढे बुडबुडे चिकटतात. ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. मग तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होऊ लागतात, पण वरच्या कमी तापलेल्या पाण्यात येताच मिटतात. त्या मिटण्याचाच आवाज म्हणजे पातेल्याचं गुणगुणणं. ते थांबून बुडबुडे थेट वरपर्यंत येऊन फुटायला लागले की समजायचं, उत्कलन सुरू झालं. इथे वाफ पृष्ठभागापुरती नाही, पाण्याच्या अंगातच तयार होते.

पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा टिकायचा तर त्याला वरून दाबणाऱ्या हवेला तोंड द्यावं लागतं. ३० अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, पाऱ्याच्या जेमतेम ३२ मिलिमीटरइतका असतो, तर समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर. असा बुडबुडा जन्मतानाच चिरडला जाईल. १०० अंशांना दोन्ही दाब सारखे होतात आणि बुडबुडा तग धरतो. म्हणून हवेचा दाब बदलला की उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमानही बदलतं. सत्तरीतलं सोसोगड हे गोव्यातलं सर्वांत उंच शिखर, साधारण १,१६० मीटर. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळेल. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ८८ अंशांच्या आसपास. कुकरमध्ये उलट, दाब वाढल्याने १२० अंशांपर्यंत जातं.

जुलैचं कोडं इथे सुटतं. बाष्पीभवन हवेचा कोरडेपणा बघतं, उत्कलन हवेचा दाब. पावसाळ्यात ओल खूप वाढते, दाबात मात्र किरकोळच फरक पडतो. पेजेला पावसाचं काही पडलेलं नसतं.

उष्णतेबाबतही मुलं घसरतात. उकळी आल्यावर जाळ कितीही वाढवा, पाणी १०० अंशांवरच राहतं. ती जास्तीची उष्णता वाफ करण्यात खर्च होते, १ ग्रॅमला ५४० कॅलरी. म्हणून उकळी फुटली की गॅस बारीक करावा, पेज तेवढ्याच वेळात शिजते. पण बाष्पीभवनाला उष्णता कमी लागते असं समजू नका. ३० अंशांना १ ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी, म्हणजे थोडी जास्तच लागते. ती जाळातून येत नाही, म्हणून दिसत नाही. मडक्यातलं पाणी ती स्वतःच्या अंगातून देतं आणि गार होतं.

शापोरा नदीकाठच्या आगरवाड्याची मिठागरं बघितलीत तर हा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहतो. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे किलोभर मिठासाठी २८-२९ लिटर पाणी उडवायचं! चुलीवर करायला गेलं तर लाकडांचा ढीग संपेल. मिठागरात तेच पाणी उथळ वाफ्यांत पसरून ठेवतात, ऊन आणि वारा ते उडवतात, आणि पाणी कुठेही न उकळता मीठ धरतं. वाफे उथळ आणि पसरट का, हे आता सांगावं लागू नये. अवकाळी पावसाची सर आली तर मेहनत वाया जाते, म्हणून तिथली माणसं आभाळाकडे डोळे लावून असतात.

शेवटी पेजेकडेच येऊ. पातेलं खाली उतरवलं की क्षणात खळखळ थांबते. उत्कलन संपलं, पण बाष्पीभवन जोरात सुरूच आहे. आजी पेज खोलगट ताटात ओतते, कडेकडेने पसरते आणि फुंकर घालते. फुंकरीसरशी वरची ओली हवा बाजूला सरते, आणखी रेणू निसटतात, जाताना उष्णता घेऊन जातात. दोन-चार फुंकरांत कडेचा घास खाण्याजोगा होतो.