रक्तप्रवाह परतल्यावर मेंदूची भिंत का गळते?

पक्षाघाताचा रुग्ण हडपसरहून येवो की सिंहगड रस्त्यावरून, पुण्यातल्या तातडीच्या विभागात नातेवाइकांना आधी विचारतात, 'शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?' गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. उशीर झाला, तर त्याचा फायदा घटतो. शिवाय केशवाहिन्यांची भिंत खिळखिळी झालेली असते आणि रक्त परत सुरू होताच मेंदूतच रक्तस्राव होऊ शकतो.

या भिंतीचा सुगावा रंगांमुळे लागला. पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांना रंग टोचले; बाकी अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. मेंदूच रंग धरत नसावा, असं त्यांना वाटलं. १९१३ मध्ये एडविन गोल्डमान यांनी ट्रिपान ब्लू हा रंग थेट मेंदूजलात सोडला, तेव्हा मेंदू निळा झाला; म्हणजे मेंदू रंग धरतो, पण रक्तातून तो आत शिरत नाही. १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्स्की यांनी वाहिन्यांच्या अस्तरपेशींमधले घट्ट सांधे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले.

मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, म्हणजे सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या घातक रूपाचा निकाल लावणारं विकर, शोधलं आणि भिंत का गळते याचा धागा मिळाला. उपाशी पेशींना अचानक ऑक्सिजन मिळाला की सुपरऑक्साइड उसळतं, नायट्रिक ऑक्साइडशी मिळून पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी दाहक रसायन बनतं. त्यातून एमएमपी-९ हे विकर चेततं आणि सांध्यांतली प्रथिनं व वाहिनीचा पायाथर कुरतडतं.

गळती मोजायला उंदरांत आजही इव्हान्स ब्लू वापरतात: २ टक्के द्रावण, किलोमागे ४ मिली, शिरेतून. रंग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो. मेंदूत निळं दिसलं म्हणजे अल्ब्युमिन झिरपलं. नंतर हृदयाच्या डाव्या जवनिकेतून (खालच्या कप्प्यातून) सलाइन सोडून उजव्या कर्णिकेतून (वरच्या कप्प्यातून) स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं, मेंदू फॉर्मामाइडमध्ये ठेवून रंग काढायचा आणि ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचा. बहुतेक घोळ धुण्यात होतो: वाहिनीत उरलेला रंगही गळती म्हणून मोजला जातो. अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे सुपरऑक्साइडसारख्या रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या औषधाचा, गुण दाखवणारे आकडे वाचताना हे आधी तपासावं.

माणसांत मात्र निराशाच जास्त. एनएक्सवाय-०५९ या अशाच औषधाची २००६ ची चाचणी आशादायक होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते फोल ठरलं. ते मुळात मेंदूत फारसं शिरतच नाही. जपानने २००१ मध्ये एडारॅव्होन हे दुसरं अँटिऑक्सिडंट औषध मंजूर केलं: ३० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, अर्ध्या तासात शिरेतून, २४ तासांच्या आत सुरू करून जास्तीत जास्त १४ दिवस. मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका असल्याने रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) आधी आणि मधूनमधून पाहावंच लागतं.