एगलेस कुकी डो आणि कच्चा खायचा कुकी डो, हे दोन वेगळे आहेत

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की हे सुरू होते. कोणीतरी मोबाईलवर कुकी डोचा, म्हणजे बिस्किटाच्या न भाजलेल्या गोळ्याचा, व्हिडिओ पाहते, मैदा, लोणी, पिठीसाखर, चॉकलेटचे तुकडे सगळं परातीत कालवते, वाट्यांमध्ये भरते आणि पोरांच्या हातात चमचे देते. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अंडं कुठं टाकलं त्यात, एगलेस आहे, मंग काय होते?" हा प्रश्न मी इतक्या ताया-वहिन्यांच्या तोंडून ऐकला आहे की आता एकदाच नीट लिहून टाकतो. अंडं नसणं ही एक गोष्ट आणि न भाजता खाता येणं ही दुसरी गोष्ट. दोन्हीचा गोळा दिसायला अगदी सारखा, चवही जवळपास तीच, आणि म्हणूनच गोंधळ होतो.

एगलेस डो तुम्हाला माहीत आहेच, त्यावर जास्त वेळ घालवत नाही. दिवाळीच्या आधी मैदा, साखर, डालडा घरून घेऊन तालुक्याच्या बेकरीत बिस्किटं न् नानकटाई करायला जातो, तिथं जो गोळा मळला जातो तोच तो. त्यात अंडं नसते, सोडा असतो, आणि तो भट्टीत जाणारच आहे असं धरूनच बनवलेला असतो. खायचा कुकी डो म्हणजे भट्टी नाहीच, ओव्हन नाही, गॅस नाही, कालवला की तोच शेवटचा पदार्थ. चमच्यानं खायचा, नाहीतर आइसक्रीमवर टाकायचा.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. खायच्या डोमध्ये सोडा किंवा बेकिंग पावडर टाकायची नाही, फुगायचं काही नाही तर टाकून फक्त जिभेवर खारट-कडवट चव येते. साखर दाणेदार नको, भट्टीत ती वितळते, इथं ती दाताखाली कचकच करते, म्हणून पिठीसाखर नाहीतर गुळाची पावडर. अंड्याच्या जागी दोन-तीन चमचे दूध, तेही उकळून थंड केलेलं. झालं. सोडा आणि साखर चुकली तर चव बिघडेल, बाकी काही होणार नाही, दूध मात्र उकळलेलंच पाहिजे.

आता खरा मुद्दा, आणि तो आहे पीठ.

आपल्याकडे कच्चं म्हटलं की लोकांना अंडं, मटण, मासळी एवढंच आठवते. पीठ कच्चं असते हे डोक्यातच येत नाही, कारण ते कोरडं, पांढरं, डब्यात महिनोन्महिने राहते, वास येत नाही, नासत नाही. पण पीठ म्हणजे दळलेलं कच्चं धान्य, दुसरं काही नाही. गहू चार महिने वावरात उघडा उभा असतो, त्यात रानडुकरं शिरतात, रोही शिरतात, वर पाखरं बसतात, जमिनीत शेणखत असते. मग हार्वेस्टरमधून निघतो, ढिगात पडतो, पोत्यात भरतो, गोदामात उंदीर असतातच. या सगळ्या वाटेत जनावरांच्या विष्ठेतले जंतू, म्हणजे ई. कोलायचे वाईट प्रकार आणि साल्मोनेला, दाण्यावर बसू शकतात. गिरणीत दळल्यानं ते मरत नाहीत, दाण्यासोबत तेही पिठात मिसळतात. कोरड्या पिठात ते वाढत नाहीत पण महिनोन्महिने जिवंत राहतात, आणि आपण त्यात दूध-लोणी-साखर टाकून ओलावा दिला की त्यांची सोय होते. फ्रीजमध्ये ठेवल्यानं वाढ मंदावते, मरत नाहीत. डीप फ्रीजरमध्येही भरवसा नाही.

आपण पोळी करतो, ती तव्यावर शेकली जाते, भाकर शेकली जाते, शंकरपाळे तळले जातात, म्हणून आजवर पिठाचा कधी त्रास जाणवला नाही. पीठ निर्दोष होतं म्हणून नाही, शेवटी आग होती म्हणून. खायच्या कुकी डोमध्ये ती शेवटची आगच काढून टाकलेली आहे, एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझं काम झालं.

"पण मैदा तर पाकीटबंद येते, चांगल्या कंपनीचा." पाकिटानं धूळ थांबते, आतले जंतू नाही. अमेरिकेत २००९ मध्ये दुकानातला तयार कुकी डो कच्चा खाऊन ७० हून जास्त लोक ई. कोलायनं आजारी पडले, आणि तपास करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त संशय अंड्यावर नाही तर मैद्यावर गेला, कारण अंडी आधीच पाश्चराइझ केलेली, म्हणजे गरम करून जंतू मारलेली, होती. त्या कंपनीनं पुढच्याच वर्षी डोसाठी उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं पीठ वापरायला घेतलं. मग २०१६ मध्ये तिथंच नुसत्या पिठामुळे २४ राज्यांत ६३ लोक आजारी पडले आणि लोकांच्या घरातल्या पिठाच्या पिशव्यांमध्ये तोच जंतू सापडला. तिथं अंड्याचा संबंधच नव्हता. यातले काही ई. कोलाय असे असतात की आधी पोटात कळा, मग रक्ताची हगवण, आणि लहान लेकरांच्या किडनीपर्यंत जाते. वाटी आपण देतो कोणाला? लेकरांनाच.

दुसरा एक युक्तिवाद खेड्यात हमखास ऐकू येतो, की चक्कीतून पीठ गरमागरम निघते, हात लावला तर चटका लागते, म्हणजे जंतू मेलेच. नाही मेले. दगडाच्या घासण्यानं पीठ थोडा वेळ गरम होते, तेवढ्यानं काही होत नाही.

आणि आता तो मुद्दा ज्यावर शिकलेले लोकही घसरतात. ज्यांना पीठ कच्चं असते हे कळलेलं आहे ते व्हिडिओ पाहून मैदा मायक्रोवेव्हमध्ये एक-दोन मिनिटं फिरवतात, नाहीतर कढईत चार-पाच मिनिटं हलवतात, आणि "हीट ट्रीट केला" म्हणून मोकळे होतात. कोणी थर्मामीटर लावून ७४ डिग्री दाखवतात. हा ७४ चा आकडा कोंबडीच्या मटणासारख्या ओल्या पदार्थाचा आहे. ओल्यात जंतू लवकर मरतात. कोरड्या पिठात तेच जंतू उष्णतेला कितीतरी जास्त टिकून राहतात, त्यामुळे तोच आकडा पिठाला लावता येत नाही. वरून मायक्रोवेव्हमध्ये मध्ये गरम आणि कडेला थंड, पीठ सगळीकडे सारखं तापतच नाही. कंपन्या ज्या पद्धतीनं पीठ प्रक्रिया करतात ती तपासलेली असते, आपल्या कढईतली नसते. अमेरिकेतली एफडीए, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तर सरळ सांगते की घरी पीठ गरम करून ते कच्चं खायला सुरक्षित झालं असं समजू नका. म्हणून "मी मैदा गरम करून घेतला" हे मला पुरेसं वाटत नाही, कोणी कितीही छान व्हिडिओ काढला तरी.

मग लाडूचं काय, असं कोणी विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे. कणकेच्या किंवा बेसनाच्या लाडूचं पीठ आपण तुपात, मंद आचेवर, वीस-पंचवीस मिनिटं, रंग बदामी होऊन घरभर वास सुटेस्तोवर भाजतो. तिथं पीठ उकळत्या पाण्याच्याही वर तापलेलं असते आणि बराच वेळ तापलेलं असते. पाच मिनिटं कोमट करून पांढराच राहिलेला मैदा त्याच्या शेजारी बसवू नका. माझ्या घरचा नियम साधा आहे, रंग बदलला नाही तर ते भाजलेलं नाही.

या सगळ्याला आपल्याकडे जुनं उत्तर आहेच, सातू. अक्षय तृतीयेच्या सुमारास घरोघरी व्हायचा, गहू आणि चणे आधी भाजायचे आणि मग दळायचे, नंतर गूळ-पाण्यात कालवून तसाच खायचा. कणीक कोणी अशी गूळ-पाण्यात कालवून खात नाही, सातू खातात. एगलेस डो म्हणजे कणीक, खायचा डो म्हणजे सातू, एवढाच फरक आहे.

म्हणून माझं ठाम मत, खायच्या कुकी डोमध्ये मैदा टाकूच नका. किराण्यात मिळणारी फुटाण्याची डाळ घ्या, म्हणजे सालं काढलेले फुटाणे. चणे तापलेल्या रेतीत फुटेस्तोवर भाजलेले असतात, शिजवायचं काही शिल्लक नाही. ही डाळ कढईत चार-पाच मिनिटं परतून कडक करून घ्या, पूर्ण थंड होऊ द्या आणि घरच्या मिक्सरमध्ये बारीक करा. चक्कीवर नेऊ नका, हे मी मुद्दाम सांगतो आहे. चक्कीच्या दगडात आणि पेटीत आधीच्या गिऱ्हाइकाचं कच्चं गव्हाचं पीठ बसलेलं असते, ते आपल्या भाजलेल्या पिठात येणारच. तीच गोष्ट चाळणीची. रोजची कणीक ज्या चाळणीनं चाळतो ती घेतली तर जाळीत अडकलेला कोंडा न् पीठ खाली पडते, म्हणून धुवून, वाळवून, मगच वापरा. एवढी मेहनत करून शेवटी चाळणीनं घात करावा हे मला सहन होत नाही.

आता कृती. एक वाटी फुटाण्याच्या डाळीचं बारीक पीठ, त्यात दोन चमचे दूध पावडर (याच्यानं चण्याचा वास दबतो आणि चव बिस्किटासारखी लागते, ही टाळू नका), अर्धी वाटी गुळाची पावडर, पाव वाटी मऊ लोणी, चिमूटभर मीठ, दोन-तीन थेंब व्हॅनिला. आधी लोणी आणि गूळ फेटून घ्यायचं, हलकं झालं पाहिजे, मग पीठ, मग लागेल तसं एकेक चमचा दूध. सगळं दूध एकदम ओतू नका, फुटाण्याचं पीठ सुरुवातीला कोरडं वाटते आणि पाच मिनिटांनी एकदम सैल होते. शेवटी चॉकलेटचे बारीक तुकडे. त्यात भाजून जाडसर कुटलेले फल्लीदाणे टाकले तर मला चॉकलेटपेक्षा तेच आवडतात, आणि खर्चही कमी.

ज्यांना फुटाण्याची चव चालतच नाही त्यांनी कणीक तुपात लाडूसारखी बदामी भाजून घ्यावी आणि तेवढं तूप लोण्यातून कमी करावं. तरी अगदी लहान लेकरं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी मी फुटाणेच सांगीन. मारी बिस्किटांचा चुरा करूनही होते, तो आधीच भाजलेला, निर्धास्त, पण त्याचा गोळा भुसभुशीत होतो, चमच्याला डोसारखा चिकटत नाही.

लोण्याबद्दल. घरचं लोणी वापरायचं असेल तर ते ताजं आणि दोन-तीनदा थंड पाण्यात धुतलेलं पाहिजे, ताकाचा अंश राहिला की दुसऱ्या दिवशी डो आंबूस लागतो. विकतचं खारं बटर घेतलं तर वेगळं मीठ टाकू नका. डालडा कृपा करून नको, तो बिस्किटात भट्टीमुळे खपून जातो, इथं टाळूला मेणासारखा चिकटून बसतो आणि चहा प्यायला तरी जात नाही.

आणि आपल्याकडचं ऊन लक्षात घ्या. अकोला, अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाते, तिथं "लोणी रूम टेंपरेचरला आणा" या सूचनेला काही अर्थ नाही, बाहेर काढलं की दहा मिनिटांत तेल. बोट दाबलं तर खड्डा पडला पाहिजे पण चमक दिसायला नको, तेवढंच मऊ. कूलरसमोर, सकाळी लवकर करा. झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते, पण लाईन जाऊन तास न् तास फ्रीज बंद राहिला तर दूध घातलेला डो टाकून द्या, वास पाहत बसू नका.

एक शेवटचं, कारण हेही विचारतात. हा उरलेला डो ओव्हनमध्ये टाकून बिस्किटं होतील का? होणार नाहीत. सोडा नाही, गव्हाची चिकट नाही, ट्रेवर पसरून तुपकट होईल. उरला तर छोटे लाडू वळा आणि दुसऱ्या दिवशी चहासोबत संपवा.