मोठीमाय कुठून आली

माझ्या कथेतली मोठीमाय, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या पोरींना बोलतं करणारी बाई, कल्पनेतली आहे, तिला शोधायला यवतमाळच्या एसटीत बसू नका. तिच्यामागचा काळ मात्र खरा.

19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. राज्यातली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते. पुढे अशा बातम्या वाढत गेल्या. चर्चा कापसाच्या भावाची, कर्जाची, पाण्याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मागे राहिलेल्या बाईला मात्र कागद मागितले गेले. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेव. त्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरायला हवं. सातबारा कोणाच्या नावावर? कर्ज बँकेचं की सावकाराचं? तिला झोप लागते का, हे कोणी विचारलं नाही.

मनाच्या दुखण्यासाठी सरकारी सोय अगदीच नव्हती असंही नाही. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 सालचं. पण ‘नागपूरले नेलं’ एवढं गावात फुटलं की घरातल्या पोरींच्या सोयरिकी अडतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 चा. अलीकडे शेतकरी कुटुंबांसाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी विचारपूस करू लागल्या, 2022 पासून मनातलं बोलायला सरकारचा 14416 हा फोनही आहे. तरी समोरची हातात फॉर्म घेऊन बसली की उत्तर ठरलेलं, ‘बरं हाये.’ डिप्रेशन कोणी म्हणत नाही. जीव घाबरते, मन लागत नाही, डोकं जड पडते, असंच बोलतात.

मोठीमायचं कूळ या योजनांहून जुनं, जात्यावरचं. पहाटे दोघी समोरासमोर, खुंटा दोघींच्या मुठीत, नजर पिठाकडे. एकमेकींकडे बघावं लागत नसे, म्हणून सासरचं, मेलेल्या लेकराचं, सगळं ओवीतून बाहेर यायचं. गिरणी आली आणि मनगटं सुटली, त्याचं दुःख कोणी करू नये. पण बोलायची ती जागाही गेली. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला लोक एकत्र बसतात, पण तिथे स्वतःचं रडगाणं काढता येत नाही.

म्हणून मी तिच्या हातात सूप दिलं. ती स्वतः विधवा, प्रकरण ‘अपात्र’. तेरवी झाली, पाहुणे पांगले, की ही त्या घरी जाते. “चाल वं पोरी, तूर निवडू लाग.” विचारत काही नाही. दोन दिवस खडेच निघतात. तिसऱ्या दिवशी पोरगी मान खाली घालून म्हणते, “त्या दिवशीची भाकर झाकून ठेवली व्हती मी.” मोठीमायचा हात थांबत नाही. थांबला तर पोरगीही थांबेल, हे तिला एकदा चुकूनच कळलेलं आहे.

आणि तुरीनं भागत नाही असं दिसलं, तर ती पोरीला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्याची एसटी धरते. फाट्यावर कोणी विचारलंच तर सांगते, “माहे गुडघे दाखवाले चाललो बाप्पा.”