भूकंपलहरींनी जमिनीखालचं पाणी जोखणं

कुंभाराकडं गाडगं घेताना आपण ते वाजवून घेतो, तसंच जमीन वाजवून आत पाणी, तेल का वायू ते ओळखायची ही पद्धत, फक्त इथं एकदा वाजवून भागत नाही, काही महिन्यांनी त्याच जागी परत वाजवायचं आणि फरक बघायचा. त्या फरकातच सगळं असतं. हिला टाइम-लॅप्स सिस्मिक म्हणतात.

लहरी दोन जातीच्या. पी लहर दगड दाबत-सोडत जाते, एस लहर आडवी हलवत जाते आणि ती पाण्यातनं जातच नाही, म्हणून भेगांत पाणी भरलं काय नि हवा राहिली काय, एसच्या वेगात फारसा फरक पडत नाही. पी मात्र लगेच बदलते. कोरड्या मुरमात सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास जाणारी पी, तोच मुरूम पाण्यानं भरला की १५०० च्या पुढं जाते.

कोल्हापूर भागात खाली काळा बेसाल्ट, पाणी असतं ते मुरमात नि भेगांत, त्यामुळं शेजारच्या बोअरला पाणी आणि आपल्या बोअरला नुसता फुफाटा असं होतं. इथं मोजायचं तर मे महिन्यात बांधाकडंनं जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं, ओळीनं रोवायची, लोखंडी प्लेटवर घण मारायचा, आणि ऑक्टोबरात विहिरी भरल्यावर त्याच खुणांवर परत तेच. शेजारची मोटर चालू असली की सगळा रेकॉर्ड तिच्या थरथरीनं भरतो, तेवढा वेळ ती बंद ठेवायला सांगावी लागते. वरची माती ओली झाली तरी आकडे हलतात, तो फरक आधी वजा केला नाही तर खालच्या पाण्याचा हिशोब चुकतोच.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण नॉर्वेच्या समुद्रातल्या स्लाइपनर या वायूक्षेत्राचं. तिथं १९९६ पासून समुद्रतळाखालच्या खाऱ्या पाण्याच्या वालुकाश्मात कार्बन डायऑक्साइड सोडतात, १९९४ ची मोजणी हाताशी होती म्हणून १९९९ ला परत मोजल्यावर वायू कुठं पसरला ते चित्रात स्पष्ट दिसलं.

आपल्याला जवळची गोष्ट कोयनेची. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा संबंध धरणाच्या पाण्याशी, भेगांतल्या वाढत्या दाबाशी जोडला जातो, म्हणून तिथं ३ किलोमीटर खोल पायलट, म्हणजे चाचणीचं, बोअर घेतलंय आणि कराडला त्यासाठी प्रयोगशाळा आहे. माझ्या मते आपल्याकडं या विद्येची खरी गरज तिथंच आहे.

आता तर घणही लागत नाही, समुद्राच्या लाटांनी नि रस्त्यावरच्या गाड्यांनी जमीन कायम थरथरत असते, तीच महिनोन्‌महिने नोंदवून वेगातला एका टक्क्याहून कमी फरकही पकडता येतो.